विमानाचे ओझे



कापसाच्या गाडीत आणखी दोन गोण्या टाकल्या, की बैल दमतात. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. विमानाचेही तसेच आहे.

२०१७ सालच्या डिसेंबरात जळगावहून मुंबईला एक लहान विमान जाऊ लागले. त्यात उतारूंना १८ जागा होत्या. तसल्या रिकाम्या विमानाचेच वजन साडेचार हजार किलोंहून जास्त असते. त्यावर उतारू, सामान आणि इंधन.

आगगाडीचे ओझे रूळ पेलतात. विमानाचे ओझे पंखांना हवेवर तोलावे लागते. ओझे वाढले, की यंत्राला जोर जास्त लागतो. इंधन जास्त जळते. आपल्याकडच्या वैशाखात हवा तापून विरळ होते. तेव्हा उडणे आणखी जड जाते. कधी कधी ओझे कमीही करावे लागते.

आता हिशेब करू या. विमानात १०० किलो ओझे वाढले, तर तासाभरात अंदाजे ३ किलो इंधन जास्त लागते. म्हणजे १० किलोच्या पिशवीला ३०० ग्रॅम.

हे इंधन रॉकेलच्या जातीचे. एक किलो जळले, की तीन किलोंहून थोडा जास्त कर्बवायू होतो. एकाचे तीन कसे? जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. त्याचेही वजन धरावे लागते. म्हणजे त्या एका पिशवीपायी जवळजवळ एक किलो वायू हवेत गेला!

हा वायू घोंगडीसारखा आहे. तो पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. विमाने, मोटारी, कारखाने, सगळ्यांचा वायू साठत जातो आणि उष्मा वाढतो. मग ज्याने विमानात कधी पाऊल ठेवले नाही, त्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याची केळीही झळांनी करपते.

मग जाड माणसाने विमानात बसूच नये काय? तसे नाही. २०१३ साली सामोआ बेटावरच्या एका कंपनीने वजनावर भाडे घेतले होते. पण आम्हांला वाटते, माणसाला कशाला नावे ठेवावी? विमानाच्या वजनापुढे एका माणसाचे वजन ते किती! अर्धे रिकामे विमानही पुष्कळ इंधन खातेच. म्हणून जागा भरून न्याव्या, फुकटचे सामान टाळावे, आणि आगगाडीने भागत असेल तर आगगाडीने जावे.

प्रश्न
१. विमानाचे ओझे कोण पेलते?
२. २० किलोच्या पेटीला तासाभरात किती इंधन जास्त लागेल?
३. एक किलो इंधनातून तीन किलोंहून जास्त वायू कसा होतो? घरच्यांना समजावून सांगा.