ऊसतोडीच्या घरांतल्या मुलींशी बोलण्याआधी

चि. मुग्धास,



तुझं पत्र मिळालं, सोबतची प्रश्नावलीही वाचली. विषय फार चांगला निवडला आहेस. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या आठवी ते दहावीच्या मुलींना शाळेबद्दल आणि लग्नाबद्दल स्वतःला काय वाटतं, हे त्यांनाच विचारावं असं फार थोड्यांच्या मनात येतं. तू जे विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. आईवडील कारखान्यावर गेलेत आणि मुख्याध्यापक म्हणतात, ‘फॉर्म ठेवून जा, सगळ्यांच्या सह्या मी करतो.’ तर त्या सह्या घेऊ नकोस.

मुख्याध्यापकांची परवानगी तुला लागेलच, शाळेच्या आवारात पाऊल टाकण्यासाठी. ती लेखी घे, मनापासून आभार मान. पण मुलगी त्यांच्या पटावर आहे म्हणून ते तिचे पालक होत नाहीत. हंगामी वसतिगृह चालवणाऱ्यांचंही तेच. असं का म्हणते, ते एका जुन्या प्रकरणावरून कळेल. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहांत राहणाऱ्या. आईबाप लांब, म्हणून त्यांच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या केल्या. २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तुझ्या हातात सुई नाही, नुसते प्रश्न आहेत, हे मला कळतं. पण दूर असलेल्या आईबापांची जागा जवळच्या अधिकाऱ्याने भरायची, ही पळवाट तीच आहे.

मग करायचं काय? पुढच्या वर्षीच्या गटासाठी टोळ्या निघण्याआधी जा. मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन झालेली असते, सामान बांधायचं असतं, पण दसऱ्याच्या आधी संध्याकाळी माणसं घरी भेटतात. यंदाच्या मुलींसाठी एक तर पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आईबाप परत येईपर्यंत थांब, नाहीतर फोनवर संमती घेण्याची पद्धत नीट लिहून नीतिसमितीपुढे ठेव. फोन करताना संशोधनाशी संबंध नसलेला, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार शेजारी हवा. अंगठा घ्यायचा असेल तिथेही तसाच साक्षीदार लागतो. दिवसा फडात कोणी फोन घेणार नाही; कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतल्यावर बोल, आणि बापाशी बोलणं झालं तरी आईला फोन द्यायला सांग. घरी आजी सांभाळत असेल तर तिच्याशी बसून बोलायचंच, पण आजी आहे म्हणून आईबापांना वगळायचं नाही.

नियम तुला पाठ असतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मुलांवरच्या संशोधनासाठी वेगळी तत्त्वं काढली. १८ च्या आतल्या कोणासाठीही पालकांची संमती, ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी रुकार आणि १२ ते १८ मध्ये लेखी. आपल्या सामाजिक शास्त्रांतल्या लोकांनी त्याआधीच, २००० साली, मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वं तयार केली होती. तीही काढून वाच. ती क्षेत्रात काम करणाऱ्या माणसांनी लिहिली आहेत, हे पानोपानी कळतं.

पण मुग्धा, आईबापांची आणि मुलीची, या दोन सह्यांची कामं वेगळी आहेत. तुझ्या फॉर्ममध्ये मुलीची सही आईबापांच्या सहीखाली बारीक अक्षरांत आली आहे, तिथेच मला काळजी वाटली. आईबापांची सही एवढंच सांगते की आमच्या मुलीला विचारायला आमची हरकत नाही. विचारल्यावर ती ‘नाही’ म्हणाली, तर त्या सहीचा काही उपयोग नाही. बापाने हो म्हटलं आणि मुलगी नको म्हणाली, तर नको. तिच्यासाठी वेगळा कागद कर, मोठ्या अक्षरांत, तिच्या बोलीत, आणि तो तिच्याजवळ राहू दे.

वर्गात उभी राहून ‘कोणाकोणाला भाग घ्यायचाय?’ असं विचारू नकोस. सगळे हात वर जातील. सरांनी आणलेल्या पाहुणीला नाही म्हणायची रीत आपल्या शाळांत नाही. एकेकीशी बोल, व्हरांड्याच्या टोकाला, जिथे तुम्ही दोघी सगळ्यांना दिसाल पण ऐकू कोणाला येणार नाही. कागद वाचून दाखवलास की तिला काय कळलं ते तिच्या शब्दांत सांगू दे. विचार: ‘एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तर तू काय करशील?’ ती म्हणाली, ‘सरांना विचारीन,’ तर तिला अजून कळलेलं नाही. पुन्हा सांग. ‘नाही सांगणार’ हे शब्द तिने एकदा तुझ्यासमोर मोठ्याने उच्चारले पाहिजेत. एकदा उच्चारले की दुसऱ्यांदा जड जात नाहीत.

तरीही पुष्कळ मुली तोंडाने नकार देणार नाहीत. उत्तरं आखडतील, ‘माहीत नाही’ पाठोपाठ येऊ लागेल, ओढणीचं टोक बोटाभोवती फिरेल, नजर दाराकडे जाईल. तिने थांबवण्याची वाट पाहू नकोस, तूच म्हण, ‘आजच्यापुरतं पुरे.’ आणि कोण बोललं, कोण नाही, हे वर्गाला कळता कामा नये. नको म्हणणारीलाही तेवढाच वेळ तुझ्यासोबत बसून चित्र काढू दे, पुस्तक चाळू दे. वह्या द्यायच्या असतील तर पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला दे.

आता अवघड भाग. तुझा विषयच असा आहे की काही घरांत मुलीची उत्तरं आणि आईबापांचा बेत यांचं जमणार नाही. आईबापांना विषय खरा सांग. ‘शिक्षण, आरोग्य आणि लग्न याबद्दल मुलींना काय वाटतं’ एवढं पुरेसं आहे आणि खोटं नाही. त्याच वेळी स्पष्ट सांग की तिची उत्तरं तुम्हालाही दाखवणार नाही. नंतर वाटेत बाप गाठून विचारेलच, ‘काय म्हणाली पोर?’ तेव्हा सहीआधी सांगितलेलं वाक्य तुझ्या उपयोगी पडेल.

आईबापांची सही न घेण्याची एक रीतही आहे. अमेरिकेत काही शाळांमधल्या अभ्यासांत घरी चिठ्ठी पाठवतात: हरकत असेल तरच कळवा. त्यामागचं कारण खरं आहे. सहीचा फॉर्म परत न येणारी मुलं बऱ्याचदा जास्त अडचणीतली असतात, आणि ती गळाली की निष्कर्ष लंगडे पडतात. पण आपल्याकडे चिठ्ठी वाचताच न येणाऱ्या आईचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं मला मानता येत नाही. तुझा नमुना लहान होईल. होऊ दे. कोण गळालं आणि का, ते प्रबंधात लिही. घरातूनच त्रास होत असेल अशा मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीची अट नीतिसमिती शिथिल करू शकते, पण तेव्हा मुलीच्या संरक्षणाची दुसरी सोय असावीच लागते. तो निर्णय समितीचा. गावात उभं राहून तू एकटीने घ्यायचा नाही.

गटात लग्न झालेली मुलगीही असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रक्ताचा नमुना घेताना १५ ते १७ वर्षांच्या अविवाहित मुलीसाठी आधी पालकांना विचारतात. लग्न झालं असेल तर ती पायरी गळते. तुझ्या अभ्यासात ही मुलगी सगळ्यांत एकटी असणार. नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्या होकाराच्या जागी कधीही घेऊ नकोस.

आणि तिला जे वचन देशील ते पाळता येईल एवढंच दे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं म्हणू नकोस. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या पत्नीशी नवऱ्याचा शरीरसंबंधही गुन्हा ठरवला. म्हणजे लग्न झालेल्या मुलीचं एखादं साधं उत्तरही तुला पोलीस ठाण्याच्या दाराशी नेऊ शकतं. हे तिला बोलायला बसण्याआधी कळायला हवं, बोलून झाल्यावर नाही. सोप्या भाषेत सांग: ‘तुला कोणी इजा करत असेल आणि तू ते सांगितलंस, तर मला ते पुढे कळवावं लागेल.’ १०९८ हा नंबर कागदावर छाप. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या कोणाशी तरी आधीच ओळख करून घे. गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आधीचा ग्रामसेवक, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे ध्यानात ठेव. तो त्याच आळीतला असू शकतो.

म्हणून प्रश्नावलीतले लग्नानंतरच्या संबंधांविषयीचे दोन प्रश्न काढून टाक. तुझ्या मूळ प्रश्नाला त्यांची गरज नाही, आणि उत्तर देणारीला मात्र त्यांची किंमत मोजावी लागेल. मुलीच्या कागदाचा नवा मसुदा समितीकडे जाण्याआधी मला पाठव. तिथल्याच एखाद्या नववीतल्या मुलीच्या मोठ्या बहिणीकडून तो वाचून घे, आणि ती जिथे अडखळेल तिथे खूण करून पाठव.

तुझी,
मावशी