‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भागात एखाद्या माणसाची एक बाजू अचानक लुळी पडली, तोंड वाकडे झाले, की ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. कोणी ‘लकवा मारला’ म्हणतात, कोणी ‘अर्धांगवायू झाला’ म्हणतात. वर्तमानपत्रांत ‘पक्षाघात’ हा शब्द येतो आणि डॉक्टर ‘स्ट्रोक’ म्हणतात. हे शब्द शेजारी शेजारी मांडून पाहिले तर काहींत वारा दिसतो आणि काहींत घाव. आयुर्वेदाने पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात तो येतो. शास्त्रातला हा ‘वात’ म्हणजे शेतावरून वाहणारा वारा नव्हे. परंतु लोकांच्या बोलण्यात उतरताना त्याचा खराखुरा वारा झाला. इंग्रजी ‘स्ट्रोक’ म्हणजे तडाखा, आणि त्याच्याही आधीच्या ‘अपोप्लेक्सिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ तडाख्याने खाली पडणे असाच आहे. नवल असे, की ज्या अवयवाला हा रोग होतो त्या मेंदूचे नाव यांपैकी एकाही शब्दात नाही.

भाषेच्या विद्यार्थ्याला एवढ्यावर थांबता आले असते. परंतु ‘वारं’ या शब्दापायी माणसे हातची वेळ घालवतात, असे माझे मत झाले आहे. वारा येतो आणि जातो. अंगाला वारा लागला तर दार लावावे, पांघरूण घ्यावे, तेल चोळावे आणि तो उतरण्याची वाट पाहावी. घाव झाला म्हटले तर मात्र माणूस धावत सुटतो.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. गेल्या वर्षी कार्तिकात माझी आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापता तिचा उजवा हात मंदावला आणि पीठ परातीत तसेच राहिले. आईने विचारले तेव्हा ती काहीतरी बोलली. पण शब्द जड येत होते. ‘काय नाय, दमलेय,’ एवढेच कळले. तिला अंथरुणावर निजवले आणि वडिलांनी मला वसतिगृहावर फोन केला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील म्हणाले, ‘तू कॉलेजात हायेस, तुला कळत असंल. काय करू?’ मी सांगितले, ‘बीपी कमी झालं असेल. साखरपाणी द्या, झोपू द्या, सकाळी दवाखान्यात न्या.’ या एका वाक्यात तीन चुका होत्या. सकाळी उजवा पाय उचलेना. मग शेजाऱ्यांच्या सल्ल्याने जीप करून तिला प्रथम चोळणाऱ्याकडे नेले. तेथे कबुतराचे रक्त लावून अंग चोळतात. शहरातल्या रुग्णालयात ती पोचली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘शेवटी ठणठणीत कधी पाहिलं?’ सुमारे अठरा तास झाले होते. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. फक्त कागदावर वेळ लिहिली. त्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर वाचल्यावर कळला. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो, आणि त्याच्यापाशी साठा म्हणून काही नसतो. हातावर पोट असलेल्या घरासारखी त्याची स्थिती असते. रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढचा रक्तपुरवठा बंद पडला, किंवा वाहिनी फुटून मेंदूत रक्त साचले, की तेवढ्या भागाचे काम थांबते. दहापैकी सुमारे आठ वेळा कारण गुठळीचे असते आणि उरलेल्या वेळी वाहिनी फुटलेली असते. स्वित्झर्लंडमधील वैद्य योहान याकोब वेप्फर याने १६५८ मध्ये, अशा झटक्याने मेलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव आढळतो, असे लिहून ठेवले. म्हणजे रोगाची जागा साडेतीनशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे. ती आमच्या गावापर्यंत आलेली नाही एवढेच.

वाहिनी अडकली म्हणजे त्या भागातील सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. मधला गाभा लवकर मरतो. त्याच्या भोवतीच्या पेशींना आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत राहते. त्या काम थांबवतात, पण जिवंत असतात. शास्त्रज्ञांनी या भागाला ग्रहणाच्या भाषेतला शब्द दिला आहे: उपच्छाया. ग्रहणात पूर्ण अंधाराच्या भोवती जी फिकट सावली असते ती. सगळी घाई या उपच्छायेसाठी असते. उशीर होईल तसा गाभा वाढत जातो आणि उपच्छाया आटत जाते. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. मी रात्रभर वाट पाहायला सांगितली होती.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी डावी. भाषेची केंद्रे बहुतेक माणसांत डावीकडे असतात. लुई पाश्चर यांना ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघात झाला. त्यांची डावी बाजू गेली, पण वाणी आणि बुद्धी शाबूत राहिली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस त्यांनी माणसाला दिली ती त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८५ मध्ये. लेनिन यांचे उलटे झाले. मे १९२२ पासून त्यांना एकामागून एक झटके आले, उजवी बाजू निकामी झाली, आणि मार्च १९२३ च्या झटक्यानंतर सभा गाजवणाऱ्या या माणसाची वाचाच गेली. जानेवारी १९२४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. माझ्या आजीचीही बाजू उजवीच. आज ती काठी घेऊन चालते. पण घरातल्या सगळ्यांना एकाच नावाने, माझ्या वडिलांच्या नावाने, हाक मारते. आपण चुकलो हे तिला कळते, म्हणून ती बोलणेच टाळते.

आता ओळखावयाचे कसे? इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १९९८ च्या सुमारास रुग्णवाहिकेवरील माणसांसाठी एक साधी चाचणी तयार झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘फास्ट’, म्हणजे ‘जलद’, असा शब्द होतो. आपल्याला ती अक्षरे पाठ करण्याची गरज नाही. तोंड, हात, बोली आणि घड्याळ हे चार शब्द पुरेत. माणसाला दात दाखवायला सांगावे. ओठाची एक कड खाली राहते का ते पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगावेत आणि मनात दहा आकडे मोजावेत. एक हात आपोआप खाली येतो का, हे पाहावे. नेहमीचे एखादे वाक्य म्हणायला सांगावे. शब्द अडखळतात का, भलतेच येतात का, की सांगितलेलेच कळत नाही, ते पाहावे. तिन्हींपैकी एक जरी खोटे पडले तरी चौथी गोष्ट लगेच करावी, म्हणजे घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि निघावे. तिन्ही खुणा दिसण्याची वाट पाहू नये. याखेरीज एकाएकी तोल जाणे, एका किंवा दोन्ही डोळ्यांपुढे अंधार येणे, एकाच बाजूला बधिरपणा येणे, आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके क्षणात दुखू लागणे, याही खुणा आहेत. या सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘एकाएकी’ हा होय.

एक गोष्ट मात्र फसवी आहे. छातीत कळ आली तर माणूस ओरडतो आणि घर जागे होते. येथे बहुधा काहीच दुखत नाही. रोगी स्वतःच ‘मला काही झालं नाही’ म्हणतो, कारण ज्या मेंदूने ओळखायचे तोच बिघडलेला असतो. त्याचे ऐकू नये. दुसरे असे, की कधी कधी हात पाच-दहा मिनिटे लुळा पडतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. अशा वेळी ‘वारं आलं आणि गेलं’ म्हणून घरात समाधान होते. प्रत्यक्षात गुठळी तात्पुरती अडकून सुटलेली असते. मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे.

माझ्या तीन चुका अशा. पहिली, मी घरबसल्या निदान केले. दुसरी, साखरपाणी. अशा रोग्याची गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. पाणी, चहा, गोळी श्वासनलिकेत जाते आणि पुढे न्यूमोनिया होतो. म्हणून तोंडाने काहीही देऊ नये. रक्तदाबाची जादा गोळीही नाही. हृदयविकारात ऍस्पिरीन देतात हे आता पुष्कळांना ठाऊक असते. पण येथे वाहिनी फुटलेली असेल तर तीच गोळी रक्तस्राव वाढवील. ओकारी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून ठेवावे. तिसरी चूक ‘सकाळी’ या शब्दाची.

गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून नामांकित डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. यासाठी डोक्याचा सी. टी. स्कॅन लागतो. या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले चित्र १९७१ मध्ये लंडनमध्ये घेतले गेले आणि त्याबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाला. तेव्हा मुदत पहिल्या तीन तासांची होती. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ पासून जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपाय मान्य झाला; निवडक रोग्यांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो, पण त्याची सोय मोठ्या शहरांतच बहुतेक असते. हे उपचार सर्वांना लागू पडत नाहीत, आणि वेळेत पोचलेला प्रत्येक जण पूर्ण बरा होतो असेही नाही. मात्र उशिरा पोचलेल्याला विचारण्याचीच सोय राहत नाही. रोगी झोपेतून उठला तोच लुळा असेल, तर वेळ मोजतात ती तो रात्री धडधाकट झोपला तेव्हापासून. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचे कारण हे.

चोळणाऱ्या माणसांबद्दल मला तिटकारा नाही. लुळ्या अंगाला हालचाल पाहिजे हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. रुग्णालयातही प्रकृती स्थिरावली की व्यायाम सुरू करतात, आणि आजी चालू लागली ती त्याच व्यायामाने. चुकतो तो क्रम. कबुतराच्या रक्ताचा मात्र मेंदूतल्या गुठळीशी काही संबंध नाही.

राहता राहिले कारण. सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला होता. त्या काळी त्यावर भरवशाचे औषधच नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी, महायुद्ध संपत आले असता, मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला न मिळालेल्या गोळ्या आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. आजीलाही त्या सुरू होत्या. ‘बरं वाटतंय’ म्हणून तिने भाद्रपदात बंद केल्या आणि घरात कोणाच्या लक्षात आले नाही. त्याशिवाय मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके आणि तंबाखू. मिश्री हीही तंबाखूच.

या दिवाळीच्या सुटीत मी एक काम केले. रात्री सी. टी. स्कॅन कोठे चालू असतो, याची फोनवरून चौकशी केली. तालुक्याच्या ठिकाणी रात्रीची सोय नाही. जिल्ह्याला आहे, आणि आमच्या गावाहून तेथे जायला एक तास दहा मिनिटे लागतात. म्हणजे आधी तालुक्याला जाण्यात अर्थ नाही. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि त्या रुग्णालयाचा क्रमांक कॅलेंडरच्या वर खडूने लिहिला, वडिलांकडून वाचून घेतला, आणि शेजारच्या तीन घरांतही लिहून आलो.