असर्टच्या कंसात काम ठेवू नका

डीबग बिल्ड व्यवस्थित चालतो आणि रिलीज बिल्ड बसतो, अशी तक्रार आली की मी कोडच्या आधी कंपायलरला दिलेले फ्लॅग बघतो. ही सवय एका जुन्या प्रोग्रॅमने लावली. मीटरची रीडिंग गोळा करणारा सीमधला प्रोग्रॅम होता तो, आणि लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. डीबगमध्ये दिवसभर बिनतक्रार चाले. रिलीजमध्ये मात्र सुरू झाला की शून्य, शून्य, शून्य छापत सुटे आणि थांबतच नसे. सगळ्यांनी खापर ऑप्टिमायझेशनवर फोडलं. (कंपायलर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.) घोळ निघाला एका ओळीत: रांगेतून पुढचं रीडिंग काढणाऱ्या फंक्शनचा कॉलच असर्टच्या कंसात लिहिलेला होता.

असर्ट दिसतो फंक्शनसारखा, पण आहे मॅक्रो. एनडीबग डिफाइन केलेलं असलं की ती अख्खी ओळ निकामी होते. अट तपासली जात नाही आणि कंसातला कॉलही होत नाही. इथे रांग रिकामी होईना, म्हणून लूप संपेना. शिवाय एनडीबग आपण हाताने लिहिलेलं असतंच असं नाही. सीमेकच्या रिलीज बिल्डमध्ये ते आपोआप येतं.

तेव्हा कॉल वेगळ्या ओळीत करा, उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्या आणि असर्टमध्ये फक्त ते व्हेरिएबल तपासा.

दुसरा घोळ याहून जास्त दिसतो: मॅलॉकने नल दिला का, फाइल उघडली का, हे असर्टने तपासणं. मेमरी संपू शकते, फाइल नसू शकते, वापरणारा काहीही टाइप करू शकतो. तिथे साधा इफ हवा, कारण तो रिलीजमध्येही टिकतो. असर्ट आपल्याच कोडबद्दलच्या खात्रीसाठी राखून ठेवा: इंडेक्स अ‍ॅरेच्या आतच आहे, स्विच डीफॉल्टपर्यंत पोचणारच नाही. तिथे मात्र हात आखडता घेऊ नका. अट फसली की ती अट, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक छापून प्रोग्रॅम अबॉर्ट होतो. जीडीबीखाली चालवत असाल तर बॅकट्रेस घ्या, कोणी चुकीचा इंडेक्स पाठवला ते लगेच कळतं. दोन अटी अँडने जोडू नका, दोन असर्ट लिहा. नाहीतर कुठली फसली ते छापलेल्या ओळीवरून समजत नाही.

स्ट्रक्चरचा आकार पॅकेटएवढाच आहे ना, असल्या गोष्टींना प्रोग्रॅम चालवायचीही गरज नाही. 2011च्या सी मानकापासून स्टॅटिक असर्ट आहे. तो कंपाइल होतानाच अडवतो आणि एनडीबगला जुमानत नाही.

जुना कोड हाती आला तर ग्रेपने सगळे असर्ट काढा. कंसात प्लस-प्लस, एकेरी बरोबर किंवा फंक्शन कॉल दिसला की थांबून वाचा. स्ट्रलेन असेल तर सोडून द्या, तो काही बदलत नाही. बाकीचे बाहेर काढा आणि टेस्ट दोन्ही बिल्डवर चालवा.