असन्निधानातील पहिले पाऊल

मनुष्याच्या आयुष्यात कधी असा प्रसंग येतो की, पुढे काय करावे हेच त्यास उमगत नाही. घरातील कर्ता पुरुष अकाली जातो. लागोपाठ दोन वर्षे पाऊस दगा देतो. कर्जाचा आकडा फुगत जातो. अथवा दीर्घ व्याधी घरात ठाण मांडून बसते. अशा वेळी संकटापेक्षाही संकटाचा आकारच मनाला अधिक ग्रासतो. साऱ्या वाटेचे ओझे एकदम डोक्यावर घेतले की उठण्याचे बळ उरत नाही. दोंडाईचा परिसरातील कापूस-मिरची पिकविणाऱ्या वासनिकास काय, किंवा आश्रमातील साधकास काय, ही अवस्था अपरिचित नाही. तिच्यातून बाहेर पडण्याची वाट पंथाच्या इतिहासातच आखलेली आहे. केशिराजबासांनी दृष्टान्तपाठात योजिलेल्या क्रमाने प्रथम दृष्टान्त व नंतर दार्ष्टान्तिक असा हा विषय मांडणे सोयीचे होईल.

दृष्टान्त

इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांनी सन्निधानाचे सुख अनुभवले होते, त्यांच्यावर कोसळलेला तो वियोग शब्दांत सांगण्यासारखा नाही. भटोबास, म्हणजे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, आणि इतर भक्तजन रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या आश्रयास राहिले. पुढे इ. स. १२८७-८८ च्या सुमारास श्रीप्रभूंचेही सन्निधान अंतरले. एकामागून एक असे दोन आघात झाले. आता हा परिवार विखरून जाईल काय, स्वामींचे शब्द काळाच्या ओघात विरून जातील काय, हा प्रश्न खराखुरा होता.

त्या वियोगात भटोबासांनी काय केले? ते स्वामींच्या लीळांचे मनन करीत राहिले. वियोगाचे दुःख एका दिवसात संपविण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. एक लीळा आठवावी, तिच्यात मन ठेवावे, मग दुसरी आठवावी, हा त्यांचा क्रम होता. त्या मननातूनच लीळा लिहून ठेवण्याचा विचार म्हाइंभटांच्या मनात आला, असे परंपरा सांगते.

म्हाइंभट हे शास्त्रांत निष्णात पंडित. ज्या काळी विद्येचा अभिमान धरणारा पंडित संस्कृताकडे पाही, त्या काळी त्यांनी सामान्य जनांची मराठी वाणी लेखनासाठी स्वीकारली. परंतु काम कसे होते? स्वामींचे चरित्र कोणा एकाजवळ समग्र नव्हते. ते अनेकांच्या स्मृतीत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले होते: काही भटोबासांपाशी, काही महदाइसेपाशी, काही गावोगावच्या अशा लोकांपाशी ज्यांनी स्वामींना एखाद्या प्रसंगीच पाहिले होते. साक्षी वृद्ध होत चालले होते. हे सारे एका बैठकीत लिहावयाचे म्हटले असते, तर ग्रंथ कधीच झाला नसता.

म्हाइंभटांनी एकेक साक्षी गाठला, एकेक लीळा ऐकली, ती नोंदविली व भटोबासांकडून तपासून घेतली. अशा रीतीने हजारावर लीळांचे लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य महाग्रंथ पावलापावलाने झालेला आहे. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनी याच निष्ठेने संकलित केले.

दृष्टान्ताचा उत्तरभाग याहूनही बोधक आहे. पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. वर्षानुवर्षांचे श्रम गेले! परंतु ग्रंथ गेला नाही. कारण तो लीळा-लीळा करून अनेकांच्या मुखी बसला होता. हिराइसेसारख्या स्मरणशक्तिसंपन्न भक्तांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा राहिला. त्यामुळेच आज त्याचे अनेक पाठ उपलब्ध आहेत. जेथे सांगणाऱ्यांत भेद पडला, तेथे तो भेदही शोधाच्या रूपाने नमूद झाला. आठवत नाही ते कल्पनेने भरून काढले गेले नाही. जे थोडे-थोडे करून अंगी मुरले होते, ते थोडे-थोडे करूनच परत मिळाले.

पूर्वपक्ष आणि उत्तर

येथे अशी शंका संभवते की, अनुसरण तर सर्वस्वाच्या त्यागाने होते. मग लहान पावलांचा हा उपदेश पंथाच्या आचाराशी विसंगत नाही काय? नाही. निश्चय एकदाच होतो, आचार मात्र प्रतिदिनी करावा लागतो. संन्यास एका दिवशी घेतला जातो. अटन, विजन व भिक्षाभोजन हे रोजचे असते. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरणही क्षणाक्षणानेच घडते.

दुसरी शंका व्यवहारातील आहे. लहान पावलांनी मोठे कर्ज फिटते काय? प्रत्येक वेळी फिटेलच, असे म्हणता येत नाही. परंतु पाऊल न टाकल्याने ते फिटत नाही, हे निश्चित. निराशा मात्र रोज व्याज लावीत असते.

दार्ष्टान्तिक

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सारंगखेड्याच्या एकमुखी दत्तप्रभूंच्या यात्रेला दोंडाईच्याहून पायी निघणारा मनुष्य तापीतीर एकदम गाठत नाही. पुढचे गाव दृष्टीसमोर ठेवून चालतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी लोक खडी फोडण्याच्या व तलावांच्या कामांवर गेले. पाऊस आणणे त्यांच्या हाती नव्हते. आजची खडी, आजची मजुरी आणि आजची चूल एवढेच त्यांच्या हाती होते. तेवढ्यावर त्यांनी ते वर्ष पार केले.

म्हाइंभटांच्या रीतीतून संकटग्रस्तास तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, विखुरलेले लिहून काढावे. सावकाराचे किती, सोसायटीचे किती, बँकेचे किती, व्याज काय दराने, हे एका कागदावर आले की अंधारातील भयाला हद्द पडते. जे ठाऊक नाही ते विचारून घ्यावे. अंदाजाने भरू नये.

दुसरी, तपासून घेणारा एक जाणता असावा. म्हाइंभटांसारख्या पंडितासही भटोबासांची आवश्यकता वाटली. घरातील माणसांपासून लपविलेले दुःख दुप्पट होते. ज्याला जीवच नकोसा वाटू लागला असेल, त्याने तर ते त्याच दिवशी आप्तास, गुरूस किंवा वैद्यास सांगावे व एकटे राहू नये. हेही एक पाऊल आहे, आणि त्या दिवसापुरते तेच सर्वांत मोठे आहे.

तिसरी, आजचे आज करावे. वियोगाने खचलेल्याने ठरल्या वेळी उठावे, स्मरण करावे, चार घास घ्यावे व एखादे काम हातावेगळे करावे. एखादा दिवस चुकला तर सारे व्रत बुडाले असे मानू नये. पोथी गेली तरी लीळा पुन्हा आठवता येतात.

शेजाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. शोकाकुल घरात मोठा उपदेश नेऊ नये. पेरणीला बैलजोडी द्यावी, रुग्णाबरोबर दवाखान्यात जावे, मुलाच्या वह्या-पुस्तकांची सोय करावी. ज्यांनी म्हाइंभटांना आपल्या आठवणीतील एकच लीळा सांगितली, त्यांची नावे कित्येकदा कोणास ठाऊकही नाहीत. परंतु त्या एकेका लीळेवाचून ग्रंथ पूर्ण झाला नसता.