विमानाचे अंतर, व्यापाऱ्याचा वेळ

हुपरीचे पैंजण, जोडवी आणि कमरपट्टे देशभर जातात. माल दाखवायला, ऑर्डर घ्यायला आणि वसुलीला कारखानदारांना सतत बाहेरगावी जावे लागते. हुपरीपासून उजळाईवाडीचे कोल्हापूर विमानतळ वीस किलोमीटरच्या आत आहे. १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाची नवी इमारत २०२४ मध्ये खुली झाली. त्यामुळे 'विमानाने मुंबई एका तासात' असे सर्रास बोलले जाते. व्यापाऱ्याने मात्र हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

प्रथम अंतर पाहू. विमानाचे अंतर दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत मोजतात. कोल्हापूर-मुंबई हे अंतर सुमारे ३०८ कि.मी. भरते. रेल्वे मिरज-पुण्यावरून वळसा घेते, म्हणून तिचे अंतर ५०० कि.मी.च्या वर जाते.

आता वेळ. पंख्याचे छोटे विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने जाते. अंतराला वेगाने भागावे आणि धावपट्टी, चढण व उतरण यांसाठी अर्धा तास मिळवावा. मुंबईसाठी उत्तर येते सुमारे १ तास ५ मिनिटे. पण हा झाला विमानाचा वेळ. आपला वेळ असा :

हुपरी ते विमानतळ – ४० मिनिटे
उड्डाणापूर्वी हजेरी – २ तास
विमान – १ तास ५ मिनिटे
उतरून सामान घेणे – ३० मिनिटे
तेथून झवेरी बाजार – सव्वा तास

एकूण साडेपाच तास! म्हणजे सरासरी वेग ताशी ६० कि.मी.सुद्धा नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस सुमारे अकरा तास घेते हे खरे. पण ते तास रात्रीचे असतात आणि सकाळी बाजार उघडण्यापूर्वी माणूस मुंबईत असतो. विमानाने दिवसाचा निम्मा धंदा जातो.

आता अहमदाबाद घ्या. सरळ अंतर सुमारे ७३० कि.मी., म्हणजे मुंबईच्या दुपटीहून जास्त. तेच विमान थेट गेले तर २ तास लागतील. माणेक चौक विमानतळापासून जवळ असल्याने शहरातील प्रवास ४० मिनिटांचा धरू. एकूण ५ तास ५० मिनिटे. मुंबईपेक्षा केवळ वीस मिनिटे जास्त! रस्त्याने हेच अंतर नऊशे कि.मी.च्या आसपास होते आणि पूर्ण दिवस मोडतो.

यातून धडा असा की, जमिनीवरचे चार-साडेचार तास जवळच्या आणि लांबच्या प्रवासाला जवळपास सारखेच लागतात. म्हणून अंतर जितके जास्त, तितके विमानाचे तिकीट वसूल होते. जवळच्या गावाला रात्रीची गाडी बरी.

तिकीट काढण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, विमान थेट आहे की मध्ये बदलायचे आहे. बदल असल्यास दोन ते चार तास वाढवावेत. दुसरी, त्या वारी विमान आहे का. छोट्या विमानतळांची वेळापत्रके वरचेवर बदलतात. तिसरी, नमुन्यांचे वजन. चांदीसारखी मौल्यवान वस्तू विमानाच्या पोटातील सामानात देऊ नये, कारण तिच्या नुकसानीची जबाबदारी कंपन्या सहसा घेत नाहीत. हातातील बॅगेला साधारणपणे ७ किलोची मर्यादा असते. नमुने तेवढेच घ्यावेत आणि त्यांची कागदपत्रे जवळ ठेवावीत.

चांदी आपण ग्रॅमवर तोलतो. प्रवासाचा वेळही तसाच तोलून घ्यावा.