नाकेदार, परवाना आणि जावाचं सेशन

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतूक परवान्यांचं पुस्तक २७ एप्रिल २०११ रोजी आलं. अशा पुस्तकातला परवाना गाडीत नसेल तर नाक्यावर ट्रक अडतो. मागच्या नाक्यावर दाखवला होता हो, असं सांगून भागत नाही. वेब सर्व्हिसचा सर्व्हर त्या नाकेदाराचाच भाऊ. पहिल्या खेपेला तो 'जेसेशनआयडी' नावाची कुकी हातात ठेवतो आणि पुढच्या दर खेपेला ती परत दाखवली तरच ओळख देतो. ब्राउझर हे न सांगता करतो. जावातला सोप क्लायंट करत नाही, कारण ही सोय मुळात बंदच असते.

हे मला तेंदूच्या हंगामात कळलं. फळीवरच्या, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागेवरच्या, पुडक्यांची नोंद वर पाठवणारा प्रोग्रॅम मी चंद्रपुरात बसून लिहीत होतो. लॉगिन व्यवस्थित व्हायचं आणि लगेच पुढच्या कॉलला उत्तर यायचं, 'आधी लॉगिन करा'. दोन दिवस पासवर्डच तपासत बसलो.

पहिली पायरी ती बंद सोय सुरू करणाऱ्या, माझ्याकडून राहून गेलेल्या ओळीची. सर्व्हिसकडून पोर्ट मिळाला की त्याला 'बाइंडिंगप्रोव्हायडर'मध्ये कास्ट करा, त्याचा रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट घ्या आणि त्यात 'सेशन_मेंटेन_प्रॉपर्टी' या कॉन्स्टंटसमोर 'ट्रू' ठेवा. हे लॉगिनच्या आधी करायचं. नंतर केलं तर लॉगिनच्या उत्तरातली कुकी निसटून गेलेली असते. कॉन्स्टंटऐवजी त्यातली स्ट्रिंग हाताने टंकू नका. हे सगळं ज्यातून येतं ते जॅक्स-डब्ल्यूएस जावा ११ पासून जेडीकेमधून काढलं आहे. त्याची लायब्ररी आता वेगळी जोडावी लागते, आणि नव्या आवृत्त्यांत पॅकेजचं नाव 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं आहे. कॉन्स्टंट वापरला असेल तर इम्पोर्ट बदलून काम होतं.

दुसरी पायरी: तोच पोर्ट सांभाळा. कुकी पोर्टपाशी राहते. दर नोंदीला लूपमध्ये नवा पोर्ट काढलात तर दर नोंद अनोळखी पाहुणी. वर सर्व्हिसचा ऑब्जेक्टही दरवेळी नवा केलात तर डब्ल्यूएसडीएल पुन्हा पुन्हा उतरवली जाईल, आणि एटापल्लीकडच्या नेटवर्कवर ते परवडणारं नाही. ती फाइल जारमध्येच ठेवा.

लॉगिन एका पोर्टवर आणि नोंदी दुसऱ्यावर असतील तर कुकी हाताने न्यावी लागते. पहिल्या पोर्टच्या रिस्पॉन्स कॉन्टेक्स्टमधून एचटीटीपी हेडर घ्या, 'सेट-कुकी'तला पहिल्या अर्धविरामापर्यंतचाच भाग उचला आणि दुसऱ्याच्या रिक्वेस्ट हेडरमध्ये 'कुकी' या नावाने, लिस्टमध्ये घालून, ठेवा. सर्व्हिस सोप नसून साधी रेस्ट असेल तर जावा ११ च्या 'एचटीटीपीक्लायंट'ला बांधतानाच 'कुकीमॅनेजर' द्या आणि तोच क्लायंट शेवटपर्यंत वापरा.

सर्व्हरही तुमच्याच हातात असेल तर तिथे 'वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट' इंजेक्ट करून घ्या, त्याच्या मेसेज कॉन्टेक्स्टमधून सर्व्हलेट रिक्वेस्ट काढा आणि 'गेटसेशन' म्हणा. हे कुणी म्हटलंच नाही तर कुकी जन्मालाच येत नाही.

आता डोळ्यांनी पाहून घ्या. क्लायंट सुरू करताना 'कॉम.सन.एक्सएमएल.डब्ल्यूएस.ट्रान्सपोर्ट.एचटीटीपी.क्लायंट.एचटीटीपीट्रान्सपोर्टपाइप.डम्प' ही सिस्टिम प्रॉपर्टी 'ट्रू' करा (नाव मालगाडीएवढं आहे, पण पाठ होतं). ती जॅक्स-डब्ल्यूएसच्या मूळ लायब्ररीसाठीच आहे. प्रत्येक विनंती-उत्तर कन्सोलवर उमटेल. दुसऱ्या विनंतीत जेसेशनआयडी दिसला आणि तिच्या उत्तरात नवी 'सेट-कुकी' नसली, की जमलं. दर उत्तरात नवा आयडी येत असेल तर कुकीचा पाथ पाहा. 'सिक्युअर' खूण असलेली कुकी साध्या एचटीटीपीवर जात नाही, तेही पाहा. चाचणीच्या मशीनवर बहुतेक वेळा हेच निघतं.

इथवर कुठल्याही शहरात चालेल. पण पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि टॉवर जायला तर पावसाचीही गरज लागत नाही. टॉमकॅटमध्ये सेशन एरवी ३० मिनिटं रिकामं राहिलं की संपतं. 'वेब.एक्सएमएल'मध्ये ही मिनिटं वाढवता येतात, पण दिवसभराची करू नका. त्यापेक्षा क्लायंटमध्ये जोडणीचा आणि उत्तराचा असे दोन्ही टाइमआउट लावा. सेशन संपल्याचं उत्तर आलं तर एकदाच नव्याने लॉगिन करून तीच नोंद पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर थांबा, नाहीतर प्रोग्रॅम रात्रभर लॉगिनच करत बसेल.

खरी अडचण वेगळीच आहे. उत्तर आलं नाही याचा अर्थ नोंद झाली नाही, असा नव्हे. ७० पानांचं एक पुडकं, १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. एकच नोंद दोनदा चढली तर मजुरीचा हिशेब बिघडतो आणि शिव्या फळीवरच्या मुन्शीला बसतात. म्हणून प्रत्येक नोंदीला फळीवरच, पाठवण्याआधी, स्वतंत्र क्रमांक द्या. तो क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यावं. सेशनमध्ये फक्त कोण लॉगिन झालंय एवढंच ठेवा. पुडक्यांचा आकडा लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये राहू द्या, आणि पोच आल्यावरच त्या ओळीवर खूण करा.