हिशेब आषाढातला धरा

मुंबईची नोकरी पन्नाशीच्या आत-बाहेर सुटली, की रत्नागिरीच्या चाकरमान्याला गावच्या घराची पडवी आठवते आणि तिथे किराण्याचं दुकान काढायचा बेत शिजू लागतो. बेत चांगलाच आहे. पण तो बहुधा गणपतीत किंवा शिमग्यात ठरतो, घरं भरलेली असताना, आणि माझ्या मते पुढच्या तोट्याची सुरुवात तिथेच होते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे कमावता पुरुष बाहेरगावी. वर्षभराचं खरं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी मुलं. त्यांची खरेदी पाव किलो साखर, चहाची पुडी, दहाचा बिस्किटपुडा एवढीच. त्यात जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेतल्या शिधापत्रिकांवर धान्य फुकट मिळतं, तेव्हा तांदूळ-गव्हाच्या थप्प्या रचून भांडवल अडकवण्यात अर्थ नाही.

यावर हमखास उत्तर येतं, की गाव आपलं आहे, सगळे ओळखीचे आहेत, गिऱ्हाईक तुटणार नाही. ते तुटणार नाही हे खरंच, पण ओळखीबरोबर उधारीही येते. ‘उधारी बंद’ची पाटी लावा, असा सल्ला शहरातला माणूस देईल, मला तो पटत नाही. इथे पैसा ऋतूप्रमाणे हातात येतो. आंब्याच्या कामाची मजुरी मेअखेर थांबते, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि आगोटीची खरेदी बहुतेकांनी आधीच उरकलेली असते. त्या दोन महिन्यांत उधार न देणारं दुकान वाडीच्या उपयोगाचं नाही. द्यावी, पण घराप्रमाणे मर्यादा ठरवून, वहीत लिहून, समोरच्याची सही घेऊन, भावकीलासुद्धा. शंभराच्या विक्रीत दहा सुटतात असं धरा. हजाराची उधारी बुडाली, तर गाठीचे नऊशे गेले आणि ते भरून यायला नऊ हजारांची विक्री लागते. ही मर्यादा घालताना संकोच वाटतो, पण न घातली तर दुकानही जातं आणि बोलणंही तुटतं.

फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे फर्निचर, फ्रीज आणि भरगच्च मालात घालणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. त्या वयात ती रक्कम पुन्हा उभी राहत नाही. शिवाय कोकणचा पाऊस माल राखू देत नाही: गूळ पाझरतो, साखरेचं पोतं तळाशी ओलं होतं, काडेपेटी पेटत नाही. पोती फळ्यांवर चढवावीत, बिस्किटं बंद डब्यात ठेवावीत आणि माल आठवड्याला थोडाथोडा आणावा. जेवढ्याचा माल, तेवढी रोकड बाजूला हवी, कारण अर्धं भांडवल पावसाळाभर वहीतच असणार.

मग दुकान काढूच नये का? काढावं. तालुक्याला जायला एसटीची वाट बघणाऱ्या म्हातारीला वाडीतच सेल, रिचार्ज, अगरबत्ती, खोबरेल मिळणं ही मोठी सोय आहे, आणि काजू-कोकमाच्या जोडीला हे उत्पन्न बरं पडतं. फक्त मुहूर्त गणपतीचा न धरता जूनचा धरावा, थोड्या मालावर. आषाढातल्या विक्रीत वीजबिल आणि माल आणायचं भाडं निघून हाती काही उरलं, तर फ्रीजचा विचार दिवाळीनंतर करावा.